शिसपेन्सिल आणि नजरेची शिकवणी

चित्रकलेचा विषय निघाला की ‘आमच्याकडे हातच नाही’ असे सांगून बहुतेक जण मोकळे होतात. गोड गळ्याप्रमाणे चित्रकाराचा हातही जन्मजात असावा लागतो, तो ज्याला लाभला त्याने चित्रे काढावीत आणि इतरांनी ती पाहून मान डोलवावी, अशी आपली पक्की समजूत आहे. या समजुतीची किंमत मुलांना मोजावी लागते. सहा-सात वर्षांचे मूल डोंगरामागचा सूर्य, कौलारू घर, नारळाचे झाड आणि नदीतली होडी बेधडक काढते. तेच मूल दहा-बारा वर्षांचे झाले की आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे, अशी ओढ त्याला लागते. ते तसे दिसत नाही. का दिसत नाही, हे सांगणारे जवळ कोणी नसते. मग आपल्याला हात नाही, असा निष्कर्ष मूल स्वतःच काढते आणि पेन्सिल खाली ठेवते. बहुतेकांच्या बाबतीत ती पुन्हा उचलली जात नाही.

हा निष्कर्ष मुळातच चुकीचा आहे. ज्याला सुवाच्य देवनागरी लिहिता येते, त्याचा हात चित्रासाठी पुरेसा तयार असतो. ‘ळ’ची दोन गोलसर वळणे, ‘क्ष’ची गाठ, ‘ह’चा खाली येणारा हेलकावा आणि हे सारे एका शिरोरेषेखाली नेमक्या प्रमाणात बसवणे, ही काही सोपी कामगिरी नव्हे. वास्तवदर्शी रेखाटनाच्या आरंभाला याहून अधिक हस्तकौशल्य लागत नाही. कमी पडते ती नजर. समोरची वस्तू या क्षणी कशी दिसते हे न पाहता, ती ‘कशी असते’ हे आपण आठवणीतून कागदावर उतरवतो. वास्तवदर्शी चित्रण शिकणे म्हणजे ही सवय मोडणे, आणि त्या कामी शिसपेन्सिलीइतके स्वस्त व प्रामाणिक साधन दुसरे नाही. तिच्याकडे रंगाची भुरळ नसते; जे पाहिले तेवढेच कागदावर येते आणि जे पाहिले नाही, तेही लगेच उघडे पडते.

शिसे नसलेली शिसपेन्सिल

या साधनाच्या मराठी नावातच एक जुना गैरसमज दडलेला आहे. शिसपेन्सिलीत शिसे नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या वायव्येकडील कंबरलँड परगण्यात बॉरोडेल येथे एका काळ्या, मऊ खनिजाचा अतिशय शुद्ध साठा सापडला. त्याची चकाकी आणि कागदावर उमटणारी करडी रेघ पाहून ते शिशाचाच एक प्रकार असावे, असे लोकांना वाटले. १५६५ मध्ये कॉन्राड गेस्नर या स्विस निसर्ग-अभ्यासकाने लाकडी नळीत बसवलेल्या अशा लेखणीचे वर्णन आपल्या ग्रंथात चित्रासह दिले. पुढे १७७९ मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ शिसे नसून कार्बन असल्याचे दाखवले. १७८९ मध्ये अब्राहम वेर्नर या जर्मन भूशास्त्रज्ञाने ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिले. विज्ञानाने चूक सुधारली, भाषांनी मात्र ती तशीच जपली. इंग्रजी आणि जर्मन भाषांप्रमाणे मराठीनेही शिशाचे नाव सोडले नाही.

आज आपण वापरतो त्या पेन्सिलीचा जन्म एका युद्धाच्या अडचणीतून झाला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा फ्रान्सला बॉरोडेलचे ग्रॅफाइट मिळेनासे झाले. निकोला-जाक कोन्ते या फ्रेंच संशोधकाने यावर तोड काढली. कमी प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड करून ती चिकणमातीत मळायची, तिच्या कांड्या करायच्या आणि त्या भट्टीत भाजायच्या. या कृतीचे पेटंट त्याला १७९५ मध्ये मिळाले. टंचाईवरचा हा उपाय चित्रकारांसाठी वरदान ठरला. माती आणि ग्रॅफाइट यांचे प्रमाण बदलले की पेन्सिलीचा कठीणपणा बदलतो, हे त्यातून हाती आले. माती अधिक असेल तर रेघ फिकी आणि टोक टिकाऊ; ग्रॅफाइट अधिक असेल तर रेघ काळी आणि टोक मऊ.

पेन्सिलीवर छापलेली अक्षरे हेच प्रमाण सांगतात. ‘एच’ म्हणजे कठीण, ‘बी’ म्हणजे काळी, आणि ‘एचबी’ या दोहोंच्या मधली. आकडा वाढला की तो गुण वाढतो. मात्र एका कंपनीची ४बी दुसऱ्या कंपनीच्या ४बीइतकीच काळी असेल, असे नाही. १८८९ मध्ये हार्टमुट या कंपनीने पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सतरा श्रेणींची पेन्सिल मांडली आणि तिला आपल्याकडच्या कोहिनूर हिऱ्याचे नाव दिले. हे नाव योगायोगानेच पण चपखल ठरले, कारण हिरा आणि ग्रॅफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे आहेत. फरक आहे तो अणूंच्या मांडणीचा.

कागदावर नेमके काय घडते

ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू पातळ थरांच्या रूपात एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक थराच्या आतील बंध भक्कम असतात, परंतु दोन थरांना बांधून ठेवणारे बल अगदी क्षीण असते. पेन्सिल कागदावरून फिरली की हे थर एकमेकांवरून घसरतात, सुटतात आणि कागदाच्या खरबरीत पृष्ठभागात अडकून राहतात. रेघ म्हणजे कागदात मुरलेली शाई नव्हे. ती कागदाच्या उंचवट्यांना चिकटलेली धूळ आहे. पेन्सिलीच्या चित्राचे बहुतेक सारे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

ती धूळ असल्यामुळे खोडता येते. रबराने पेन्सिलीची रेघ पुसली जाते, याची नोंद जोसेफ प्रिस्टली या शास्त्रज्ञाने १७७० मध्ये केली; त्यापूर्वी हे काम पावाच्या तुकड्याने होत असे. ती धूळ असल्यामुळेच तळहाताने फासलीही जाते. म्हणून जाणकार चित्रकार हाताखाली एक कोरा कागद ठेवतात. कागद अगदी गुळगुळीत असेल तर ग्रॅफाइटला अडकायला जागा मिळत नाही आणि छटा पुरेशी गडद होत नाही. फार खरबरीत असेल तर चेहऱ्यासारखा नाजूक विषय दाणेदार दिसतो. दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचा मध्यम पोताचा कार्ट्रिज कागद शिकणाऱ्याला सर्वार्थाने पुरतो.

थरांच्या या रचनेचा एक तोटाही आहे. पेन्सिल दाबून दाबून काळोख आणण्याचा प्रयत्न केला की सारे थर सपाट होतात, कागदाचा पोत बुजतो आणि त्या जागी काळ्याऐवजी चकचकीत करडा रंग दिसू लागतो. त्यामुळे गडद भागासाठी जोर वाढवण्याऐवजी अधिक मऊ पेन्सिल घ्यावी आणि हलक्या हाताने थरावर थर चढवावेत. २एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी अशा पाच पेन्सिली, एक साधा खोडरबर आणि कणकेसारखा मळता येणारा एक खोडरबर इतके साहित्य पहिल्या वर्षभराला भरपूर झाले. मळता रबर घासायचा नसतो. त्याला टोक काढून तो कागदावर टेकवला की ग्रॅफाइट अलगद उचलले जाते आणि गडद भागात प्रकाशाचा ठिपका उमटतो. टोकासाठी शार्पनरपेक्षा कटर बरा. लांब, निमुळते टोक आडवे धरून रुंद छटा देता येते आणि उभे धरून केसाइतकी बारीक रेघ काढता येते.

गोव्यासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्याचे एक स्वतंत्र पथ्य आहे. जून ते सप्टेंबरच्या हवेत कागद ओल धरतो आणि मऊ पडतो. अशा कागदावर खोडरबर फिरवला की त्याचे तंतू उसवतात आणि त्या जागी छटा डागाळते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पूर्ण झालेली चित्रे भिंतीला टेकून ठेवू नयेत, कारण बुरशी तिथूनच शिरते.

माहीत असणे आणि दिसणे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समोर पितळेचा तांब्या ठेवून तो काढायला सांगितला, तर नवशिका त्याचे तोंड बरेच गोल काढतो आणि बूड सरळ आडव्या रेघेने संपवतो. तोंड गोल असते हे त्याला माहीत आहे, आणि तांब्या सपाट जागेवर बसतो हेही त्याला माहीत आहे. प्रत्यक्षात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना ते तोंड चपट्या लंबवर्तुळासारखे दिसते आणि बुडाची कडही वळलेलीच असते. इतकेच नव्हे, तर बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे त्याचे वळण तोंडाच्या वळणापेक्षा अधिक भरीव असते. चित्र फसते ते इथे. हाताने काही चूक केलेली नसते; त्याला चुकीचा हुकूम मिळालेला असतो.

माणसाच्या चेहऱ्यात हीच चूक अधिक ठळक होते. डोळे डोक्याच्या वरच्या भागात असतात, असे जवळपास प्रत्येकाला वाटते. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजून पाहिले, तर मोठ्या माणसाचे डोळे जवळजवळ बरोबर मध्यावर येतात. आपले लक्ष नाक, डोळे आणि ओठ यांवर खिळलेले असते, त्यामुळे कपाळ आणि केसांखालचा कवटीचा भाग आपण मनातल्या मनात आखडून टाकतो. नवशिक्यांच्या चित्रातील माणसे कपाळ कापल्यासारखी दिसतात, त्याचे कारण हेच.

मनातल्या या ठोकळेबाज आकृत्यांना बगल देण्याचे काही जुने आणि नवे उपाय आहेत. एखादे रेषाचित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करणे, हा त्यांतला एक. बेटी एडवर्ड्स या अमेरिकी शिक्षिकेने १९७९ मधील आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांविषयीची त्यांची मांडणी आज जशीच्या तशी स्वीकारली जात नाही, परंतु हा सराव उपयोगी आहे यात शंका नाही. चित्र उलटे असले की हे नाक, हा कान अशी नावे देता येत नाहीत. उरतात ते केवळ कोन, अंतरे आणि वळणे. दुसरा उपाय रिकाम्या जागांचा. खुर्ची काढण्याऐवजी तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढायचे. त्या जागांविषयी मनात कसलीच ठरावीक आकृती नसते, म्हणून डोळा तिथे खोटे बोलत नाही. नारळाच्या झावळ्यांमधून दिसणारे आभाळाचे तुकडे काढून पाहावेत. झावळी आपोआप योग्य बसते.

तिसरा उपाय मोजमापाचा, आणि सर्वांत भरवशाचा. हात कोपरात न वाकवता ताठ समोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंतच्या लांबीवर वस्तूची रुंदी घ्यायची. हीच लांबी उंचीवर किती वेळा बसते, ते पाहायचे. हात ताठ ठेवण्याचे कारण साधे आहे: डोळा आणि पेन्सिल यांतले अंतर बदलले, तर माप बदलते. उभ्या रेषा तपासण्यासाठी गवंड्याच्या ओळंब्यासारखा, टोकाला वजन बांधलेला दोरा पुरतो. नाकपुडीच्या थेट खाली ओठाचा कोणता भाग येतो, हे ओळंबा सांगतो. अंदाज सांगत नाही. चित्रकलेच्या प्राचीन भारतीय विचारातही सहा अंगांमध्ये ‘प्रमाण’ आणि ‘सादृश्य’ यांना मानाचे स्थान आहे. प्रमाण साधले नाही, तर सादृश्य कितीही छटा दिल्या तरी येत नाही.

करड्या रंगाची फसवणूक

आकार साधला की दुसरी पायरी येते ती छायाप्रकाशाची. वास्तवाचा भास रेषेपेक्षा छटेने अधिक निर्माण होतो, कारण निसर्गात बाह्यरेषा नसतेच. एक छटा संपते, दुसरी सुरू होते आणि त्या सीमेला आपण रेषा म्हणतो.

इथेही मेंदू आड येतो. अमेरिकेतील एमआयटीचे एडवर्ड एडेलसन यांनी १९९५ मध्ये एक प्रसिद्ध आकृती तयार केली. बुद्धिबळाच्या पटावर एक नळकांडे उभे आहे आणि त्याची सावली पटावर पडली आहे. सावलीबाहेरचे एक काळे घर आणि सावलीतले एक पांढरे घर यांचा करडा रंग तंतोतंत एकच आहे, तरीही पाहणाऱ्याला एक काळे आणि दुसरे पांढरे दिसते. खरे सांगूनही विश्वास बसत नाही. सावलीत गेलेली वस्तू मुळात कोणत्या रंगाची आहे, हे ओळखणे जगण्यासाठी उपयोगी असते, म्हणून मेंदू सावली वजा करून आपल्याला वस्तूचा रंग कळवतो. चित्रकाराला मात्र नेमके तेच नको असते. पांढऱ्या सदऱ्याची सावलीतली बाही काळ्या केसांवरच्या चमकेपेक्षा गडद असू शकते. नवशिका सदरा पांढरा म्हणून ती बाही कोरी सोडतो, केस काळे म्हणून चमकही काळी करतो, आणि चित्र सपाट होते.

यावरचा उपाय फुकट आणि नेहमी हाताशी असलेला आहे: डोळे बारीक करणे. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे विरघळतात आणि केवळ मोठे गडद व उजळ भाग उरतात. जाड कागदाला दोन लहान भोके पाडून त्यांतून दोन जागा शेजारी शेजारी पाहिल्या, तर त्यांतली कोणती गडद हे वादातीत कळते. याच्या जोडीला कोऱ्या कागदापासून ६बीच्या गडदपणापर्यंत नऊ चौकोनांची एक छटापट्टी स्वतः तयार करावी. दोन शेजारच्या चौकोनांतले अंतर सर्वत्र सारखे येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु गाणाऱ्याला सुरांचा सराव जसा, तशी चित्रकाराला ही पट्टी.

त्यानंतर एक पांढरे अंडे पांढऱ्या कागदावर ठेवावे आणि एकाच बाजूने दिवा लावावा. रंगाचा प्रश्न मिटल्यामुळे उरतो तो निव्वळ प्रकाश. दिव्याच्या बाजूला उजळ भाग, मग हळूहळू मावळणारी मध्यछटा, मग सावलीतला सर्वांत गडद पट्टा, आणि त्यापलीकडे, दिव्याच्या विरुद्ध कडेला, पुन्हा किंचित उजळ झालेली एक किनार. ही किनार म्हणजे खालच्या कागदावरून उलटून आलेला प्रकाश. तो दिसू लागला की आनंदाने माणूस तो फार उजळ काढतो आणि अंडे काचेचे दिसू लागते. सावलीतला कोणताही भाग उजेडातल्या भागाहून उजळ नसतो, हा नियम लक्षात ठेवावा. अंड्याची पडछाया त्याच्या बुडाशी गडद आणि रेखीव असते. दूर जाता जाता ती फिकी आणि कडांशी विरळ होते. कडांमधला हा फरक कागदावर आला की अंडे कागदावरून उचलावेसे वाटते.

प्रकाश कुठून घ्यावा, याबाबत पाश्चात्त्य पुस्तके उत्तरेकडची खिडकी सुचवतात, कारण युरोपात तिथून थेट ऊन येत नाही. गोव्यात हा सल्ला बारमाही लागू पडत नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन डोकावते. त्या काळात पातळ पांढरा पडदा लावावा. जुन्या घरांतील शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या जिथे शिल्लक आहेत, तिथे बसून एखादी वस्तू काढण्यासारखा दुसरा धडा नाही. शिंपल्यातून गाळून आलेल्या प्रकाशात सावल्यांच्या कडा मऊ होतात. उघड्या दारातून आलेल्या प्रकाशात त्याच कडा धारदार. एकाच वस्तूची दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की कडेचे महत्त्व पटते.

छायाचित्रावरून काढावे काय

आजकाल समाजमाध्यमांवर पेन्सिलीची अत्यंत तंतोतंत व्यक्तिचित्रे दिसतात. त्यातली बहुतेक छायाचित्रावर चौकटी आखून, चौकटीमागून चौकट उतरवलेली असतात. चौकटींची युक्ती कमी दर्जाची आहे असे मुळीच नाही. जाळीदार पडद्यातून पाहून चित्र काढण्याची पद्धत लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ मध्येच लिहून ठेवली आहे. विन्सेंट व्हॅन गॉगनेही दोऱ्या ताणलेली चौकट करवून घेतली होती. त्याचे उदाहरण हाताच्या समजुतीला चांगले उत्तर आहे. चित्रकार व्हायचे त्याने १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ठरवले, आणि शार्ल बार्ग याच्या अभ्यासपत्रांच्या नकला चिकाटीने करीत तो रेखाटन शिकला.

अडचण वेगळी आहे. छायाचित्रात तीन मितींचे दोन मितींत रूपांतर आधीच झालेले असते. वास्तवदर्शी चित्रणातील सर्वांत अवघड आणि सर्वांत शिकवणारे काम कॅमेऱ्याने उरकलेले असते. शिवाय मोबाइलचा कॅमेरा जवळून टिपलेल्या चेहऱ्याचे नाक फुगवतो, सावल्यांमधला तपशील काळ्या ठिपक्यात बुडवतो किंवा कृत्रिमरीत्या उजळतो. ज्याने प्रत्यक्ष चेहरा कधी काढलेला नाही, त्याला ही लबाडी ओळखता येत नाही आणि तो ती निष्ठेने उतरवतो. मग केसन् केस मोजून काढलेले चित्रही निर्जीव वाटते. छायाचित्र वर्ज्य नाही. परंतु आठवड्यातील निम्मा वेळ तरी समोरच्या वस्तूला द्यावा, म्हणजे छायाचित्रात काय राहून गेले आहे, ते भरून काढण्याची शक्ती येते.

ही शक्ती म्हणजे काय, हे पाहायला गोमंतकीयांना लांब जावे लागत नाही. १८७० मध्ये सांगे येथे जन्मलेले आंतोनियो शावियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथेच त्यांनी शिकवले. त्यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे आहे. त्यांची व्यक्तिचित्रे तैलरंगातली आहेत, परंतु डोळे बारीक करून पाहिली तर रंग मागे पडतात आणि गडद-उजळाची भक्कम बांधणी पुढे येते. शेजारच्या सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटे आतून उजळलेली, चेहऱ्यावर खालून येणारा प्रकाश आणि मागे विरघळणारा अंधार. यातला प्रकाश रंगाने आणलेला नाही. भोवतीच्या छटा नेमक्या मापाने गडद ठेवल्यामुळे तो उरला आहे. पेन्सिलीचा अभ्यासही हेच शिकवतो: कागदाचा पांढरा राखून ठेवायचा असतो.

तीन महिन्यांचा साधा क्रम

शिकण्यासाठी रोज अर्धा तास पुरे. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा तो अधिक उपयोगी. पहिला महिना रेषेचा: उलट्या चित्रांच्या नकला, रिकाम्या जागा, आणि तांब्या, पेला, भांडे यांची लंबवर्तुळे. या महिन्यात छटेला हात लावू नये. दुसरा महिना छटेचा: छटापट्टी, अंडे, मग कांदा, मग सोललेला नारळ. कांद्याची चकाकी आणि नारळाच्या शेंड्यांचा खरबरीतपणा यांत पेन्सिलीची चाल कशी बदलते, ते तिथे कळते. बोटाने छटा पुसून गुळगुळीत करण्याचा मोह या काळात टाळावा. बोटाला तेल असते, त्याचे डाग पडतात आणि पुसलेल्या छटेत वस्तूचे वळण हरवते. कागदाची घट्ट गुंडाळी करून विकला जाणारा स्टंप वापरायचाच, तर तोही वळणाच्या दिशेनेच फिरवावा. तिसऱ्या महिन्यात स्वतःचा डावा हात, आरशातला स्वतःचा चेहरा आणि घरातली एखादी अवघड वस्तू घ्यावी. नारळ खोवायची विळी त्यासाठी उत्तम आहे: लाकडी पाट, वळलेले पाते, दातेरी टोक आणि तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांवर पडणारा एकच प्रकाश.

पालकांसाठी यात एक सूचना आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी मराठी घरांतील कित्येक पिढ्यांना चित्रकलेची पहिली ओळख करून दिली, आणि त्यातील वस्तुचित्राचा विषय नेमका हीच नजर घडवण्यासाठी आहे. परंतु तयार मांडणी पाठ करून ती कागदावर उतरवली, तर गुण मिळतात आणि नजर होती तिथेच राहते. मुलाच्या चित्रातला तांब्या वाकडा आला, तर तो खोडून सरळ करून देऊ नये. त्याच्या शेजारी बसून ‘तोंड किती चपटे दिसते आहे, मोजून पाहू’ एवढे म्हणावे. ‘हात नाही’ असे मूल ठरवते, त्याच्या आधीचा हा शेवटचा थांबा असतो.

प्रत्येक चित्राच्या मागे तारीख लिहावी आणि एकही फाडून टाकू नये. नव्वद दिवसांनंतर पहिला आणि शेवटचा तांब्या शेजारी ठेवला की काय बदलले, ते स्वतःलाच दिसते. हात तोच असतो, पेन्सिल तीच आणि तांब्याही तोच. फरक पडलेला असतो तो पाहण्यात, आणि तो कागदापुरता राहत नाही. उन्हात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराच्या घड्यांत किती करडे रंग असतात, संध्याकाळी मांडवीच्या पाण्यापेक्षा आभाळ उजळ असते की नाही, आजीच्या हाताच्या शिरांवर प्रकाश कुठे थांबतो, हे रस्त्याने जाता-येता दिसू लागते. आयुष्यभर समोरच असलेल्या या गोष्टी पाहण्यासाठी जन्मजात देणगी लागत नाही. दहा-पंधरा रुपयांची पेन्सिल आणि रोजचा अर्धा तास लागतो.